बाकी पाचशे चाळीस

५ जून २०२५, गुरु.
दिगंबर आला, बोरी अरबहून, साडेदहाच्या गाडीनं. त्याचे आठवड्याचे सात भागाकार, माझे सात. चौदाही ठिकाणी बाकी उरली. म्हणजे नेहमीसारखंच.
चहा घेत वह्यांची अदलाबदल. मी त्याच्या वहीला नवाचा ताळा लावतो, म्हणजे आकड्यांच्या बेरजेवरून भागाकार पडताळतो, आणि हिरव्या पेननं टिक. तो माझ्या वहीला, लाल पेननं. सगळं बरोबर. पेरणीचं विचारलं तर म्हणाला, आभाळाला विचार.
उद्याचा माझा भाजक २३,०५,२०१. त्याचा २३,०५,३३७.

९ जून
माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात एक नवं गिऱ्हाईक, जळालेली पाणबुडी मोटर घेऊन. कपाटातल्या वह्या पाहून विचारत होता, एवढी उधारी? म्हटलं, उधारी नाही, भागाकार आहेत. मग सांगावं लागलं. दहावीच्या शेवटच्या दिवशी गणिताच्या सरांनी फळ्यावर सतरा एक लिहिले. ११,११,११,११,११,११,११,१११. म्हणाले, याला भाग जातो, कोणत्या आकड्यानं ते तुम्ही शोधा. कागद-पेननं. एवढीच खूण देतो, ३४ च्या पटीत एक मिळवून जे आकडे येतात त्यातच तो आहे. वर्ग हसला, घरी गेला. मी आणि दिगंबर तेवढे राहिलो. ३, ५, ७, ११, १३ नं कटणारे आकडे आधीच गाळायचे, उरलेल्यांतला एक त्याचा, एक माझा. रोज एक. छत्तीस वर्षं झाली. सर बदलून गेले, पुढे वारले. उत्तर सांगितलं नाही.
"मंग भेटला का?" गिऱ्हाइकानं विचारलं.
"नाही."
"भेटला तं काय भेटते?"
"काही नाही."
त्यानं आपल्या मोटरकडे जरा काळजीनं पाहिलं. तारेचे टर्न नीट मोजाल ना, असं दोनदा विचारून गेला.

१५ जून
शबानाचा फोन, अमरावतीहून. तिथे वरची खोली रिकामी झाली आहे. अब्बा, अब आ जाओ, अकेले कब तक. नेहमीचं. मीही नेहमीचंच सांगितलं, आकडा संपला की येतो. हे मी तिला तिची आई गेल्यावर, चाळिसाव्याच्या दिवशी सांगितलं होतं, तेव्हा तिनं लगेच मान्य केलं, कारण पोरीला वाटलं दोन-चार महिन्यांचं काम असेल. मागे एकदा म्हणाली, मोबाइलवर एका मिनिटात निघेल, सांगू का. दोन दिवस तिचा फोन उचलला नाही. तेव्हापासून ती तो विषय काढत नाही.
आजचा भागाकार झाला. बाकी सहा आकडी.

१९ जून, गुरु.
दि. आला नाही. पेरणी.

२७ जून
कपाटाच्या मागच्या भिंतीतून वाळवी शिरली. दोघांच्या भरलेल्या वह्या एकत्र बांधून इथंच ठेवतो; वही ३९ ते ४३ च्या कडा खाल्ल्या आहेत. आकडे वाचले, समास गेले. हरामखोरांना बाकीची काय पडली आहे.
पावसाळ्यात मोटरा जळत नाहीत, हात रिकामाच आहे. या पाच वह्या नव्यानं उतरवून काढायच्या. कच्चं काम सोडून द्यायचं, फक्त भाजक, भागाकार, बाकी.

१ जुलै
वही ४० संपली. उतरवताना डोळा आपोआप कच्च्या कामावर जातो. दि.चं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, सात आडवा, चार उघडा. त्याच्या गावात कुणाच्याही शेताची मोजणी असो, आकडे त्याच्याकडून तपासून घेतात. बेरजेत चुकला असं कुणी ऐकलेलं नाही. तो स्वतः तर नाहीच.

४ जुलै, शुक्र.
वही ४१, पान ६३. दि.चं अक्षर. १४ डिसें. २०२१.
भाजक २०,७१,७२३. भागाकार ५३६३२२२३५७. बाकी ५४०. खाली माझी हिरवी टिक.
वजाबाकीची शेवटून दुसरी पायरी. १,१८,०८,८२१ तून १,०३,५८,६१५ गेले. त्यानं लिहिलं आहे १४,५०,२६०. पण २१ तून १५ गेले की ६ उरतात. शेवटी ०६ पाहिजे, तिथं ६० आहे.
दुरुस्त केलं. १४,५०,२०६. वरून एक उतरवला. १,४५,०२,०६१.
सात गुणिले २०,७१,७२३ म्हणजे १,४५,०२,०६१.
बाकी शून्य.
पुन्हा केलं. शून्य. मग उलटं, गुणाकार मांडला. पूर्ण पान लागलं. बेरजेत उजवीकडून एक, एक, एक असे सतरा वेळा आले.
दुकान उघडंच ठेवून स्टँडपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. वाटेत कुणीतरी सलाम केला, कोण ते आठवत नाही.

५ जुलै
आनंद व्हायला हवा होता. राग आला. साडेतीन वर्षं आम्ही सापडलेल्या आकड्याच्या पुढे शोधत आहोत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कळसा ज्यानं तपासला तो मीच, हिरव्या पेनसकट.
ताळा पुन्हा लावून पाहिला. नवाचा ताळा बरोबरच येतो. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीत, ५४० म्हणजे नऊ गुणिले साठ. नवाच्या ताळ्याला असली चूक दिसतच नाही. हे सरांनी सांगितलं होतं, अकराचाही लावत जा म्हणाले होते. अकराचा जरा किचकट, म्हणून आम्ही सोडला.
अकराचा आज लावला. एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला २. पकडला गेला असता.

६ जुलै
गुणाकाराचा कागद घडी करून खिशात ठेवला आहे. गुरुवारी दि.ला दाखवायचा. सरळ काम आहे.
रात्री आठवलं ते सरळ नाही. शेवटच्या पायरीत त्यानं १,४५,०२,६०१ लिहिलं, आणि त्याच्या बरोबर खाली, वजा करायला, १,४५,०२,०६१. एकाखाली एक. सहा सारखे आकडे आणि मधे ६० खाली ०६. माझ्यासारख्या तार गुंडाळणाऱ्या माणसाच्या डोळ्यात ते खुपतं. त्याच्या नाही खुपलं?

७ जुलै
वह्या चाळत बसलो. दि.च्या चुका शोधल्या. वही ३० ते ४३ मध्ये चार सापडल्या, मी तेव्हाच ताळ्यात पकडलेल्या. सगळ्या हातच्याच्या. आकडे उलटे लिहिल्याची एकही नाही.
भागाकार केला नाही आज. जमलं नाही.

१० जुलै, गुरु.
दि. आला. तुरीत तण आहे म्हणत होता. त्याचे सात, माझे सहा. सहा का, असं विचारलं. म्हटलं, ताप होता. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.
कागद खिशातच राहिला.

११ जुलै
२०२१ ची रोजनिशी काढली. शबानाची आई, रेहाना, ९ नोव्हेंबरला गेली. त्यानंतर पंधरा दिवस पानं कोरी. मग एकेक ओळ. दुकान बंद होतं, शबाना चाळिसाव्यापर्यंत थांबणार होती. माझे भागाकारही बंद होते, दि. त्याचे आणि माझे दोन्ही करत होता. गुरुवारी यायचा, वही पुढे ठेवायचा, म्हणायचा, ताळा तरी लाव. तेवढंच मी करायचो.
१६ डिसें., गुरुवार. नोंद अशी: "दि. आला. भाकर, वांग्याची भाजी आणली. १४ ताळे केले, बरोबर. दि. गाडीनं गेला नाही, मुक्काम केला. जेवलो."
जेवलो हे मी वेगळं लिहिलं आहे. म्हणजे त्याआधी जेवत नव्हतो.
पान ६३ ची हिरवी टिक त्या १४ मधलीच एक.

१२ जुलै
दोन गोष्टी होऊ शकतात.
एक, चुकला. दोघांचं काम एकटा करत होता, थकला असेल. मग सांगितलं की त्याला लागेल. छत्तीस वर्षांत एकच खरा भागाकार आला आणि तोच चुकला, हे त्याला आयुष्यभर पुरेल.
दोन, चुकला नाही. त्याला शून्य दिसलं आणि त्यानं ते माझ्यासमोर ठेवलं नाही. ठेवलं असतं तर पुढच्या गुरुवारी ताळ्याला वही नव्हती. आणि लपवायचं असेल तर नवाच्या पटीतलाच आकडा लिहावा लागतो, नाहीतर माझ्या हिरव्या पेनला सापडतं. मलाही कुणी सांगितलं असतं तरी मी ५४० सारखंच काहीतरी लिहिलं असतं.
दुसरं खरं असेल तर मला त्याचा राग येतो. माझ्यावर दया केली याचा. आणि राग येऊन झाला की १६ डिसेंबरची नोंद पुन्हा काढून वाचतो.
दोन्हीत एक गोष्ट सारखी. सांगितलं की गुरुवार संपले. आणि मला अमरावतीला जायचं आहे, माझ्याच शब्दाप्रमाणे.

१७ जुलै, गुरु.
न सांगता विचारायचा रस्ता काढला. वही ४१ च दि.ला दिली, मूळची, वाळवी लागलेली. सांगितलं, नव्या वहीत उतरवण्याआधी हिला अकराचा ताळा लावून दे. चूक असेल तिथं फुली, नसेल तिथं टिक.
"अकराचा? आता काहून?"
"सरांनी सांगितलं होतं."
"सरांनी लय काही सांगितलं होतं," असं म्हणून त्यानं वही पिशवीत घातली. पान उघडून पाहिलं नाही.
फुली आली तर चुकला होता, आणि आता त्यालाही शून्य दिसेल. टिक आली तर त्याला आधीपासून ठाऊक आहे. अकराच्या ताळ्यातून ५४० सुटत नाही.
चोरून परीक्षा घेतो आहे, हे बरं नाही. पण घेतली.

२४ जुलै, गुरु.
आला नाही. फोनवर म्हणाला, फवारणी चालू आहे. वहीचं विचारलं नाही मी.
दोन मोटरा आल्या. एकीला दोन टर्न कमी पडले, उलगडून पुन्हा केली. असं कधी होत नाही माझं.

२७ जुलै, रवि.
बोरी अरबला गेलो. शबानानं पाठवलेल्या खजुरांचं निमित्त. दि. वावरात होता. वर्षावहिनींनी चहा केला. सांगत होत्या, हे रोज सांजी पाटावर वही घेऊन बसतात, देवाला चुकतील पण याला नाही. मग हसून म्हणाल्या, "सत्तारभाऊ, थो आकडा लवकर संपवू नका बा. संपला तं तुम्ही कायले याल इकडं?"
खजूर खाली ठेवले. म्हटलं, तुमच्या हातच्या चहाला येईन. त्यांना ते खोटं वाटलं असावं, मलाही वाटलं.
दि. आला, पाय धुतले. वही ४१ देव्हाऱ्याशेजारी फळीवर दिसत होती, मधे लाल पेन खुपसलेलं. पेन कितव्या पानावर आहे ते बसल्या जागेवरून मोजायचा प्रयत्न केला. अर्ध्याच्या पुढे होतं. पान ६३ अर्ध्याच्या आधी येतं.
बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. कपाशीबद्दल बोलला. मीही कपाशीबद्दलच बोललो, मला त्यातलं काय कळतं.

३१ जुलै, गुरु.
वही आली. त्याच्यासमोर उघडली नाही.
तो गेल्यावर उघडली. प्रत्येक ओळीला लाल खूण. पान २२ वर एक फुली, माझी चूक, भागाकारात एक शून्य कमी. पान ८८ वर एक फुली, त्याची चूक, शून्याच्या जागी नऊ. दोन्ही शेजारी दुरुस्त केल्या आहेत. मी तपासल्या, खरोखर चुका आहेत. म्हणजे नीट बसून ताळा केला, नुसत्या टिका ओढल्या नाहीत.
पान ६३. २०,७१,७२३. बाकी ५४०.
टिक.
टिकेच्या सुरुवातीला एक जाड ठिपका आहे. पेन टेकवून जरा थांबलं की असा पडतो. इतर पानांवर असा ठिपका शोधला, नाही.

२ ऑगस्ट
ठिपका पेनमुळेही पडू शकतो. पेन जुनं आहे त्याचं.

४ ऑगस्ट
एक आणखी विचार आला. मी वही ४१ च का दिली, पाच वह्यांतली हीच का, हे त्याला कळलं नसेल असं धरून चाललो होतो. त्याला गणित येतं.
म्हणजे ती टिक त्यानं पानाला नाही, मला उत्तर म्हणून लावली आहे की काय.

७ ऑगस्ट, गुरु.
दि. आला. पाऊस बारीक, गाडीला उशीर. त्याचे सात, माझे सात. हिरवं, लाल, सगळं बरोबर. चहा आला. मी ठरवलं होतं की आज विचारीन. गुणाकाराचा कागद वरच्या खिशात होता, घडीवर फाटायला आलेला.
म्हटलं, "वही ४१. सगळी तपासली नं?"
"तपासली."
"अकराच्याच ताळ्यानं?"
"अकराच्याच." त्यानं बशीत चहा ओतला. फुंकला. प्यायला नाही. "काहून? तुले काही दिसलं का?"
रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तेवढा वेळ मिळाला. त्याच्याकडे पाहिलं. दाढी पांढरी झाली आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतो आहे. उत्तराची वाट पाहत होता, दहावीत सर निकाल वाचायचे तेव्हा बसायचा तसा, हात मांडीखाली घालून.
"नाही," म्हटलं. "दोन चुका होत्या, त्या तूच काढल्या."
"हो. दोन."
चहा संपवला त्यानं. वही पिशवीत घालता घालता विचारलं, "पुढचा कोणाचा?"
"माहा. त्याच्यानंतरचा तुहा."
"बरं." पायरी उतरला, मग वळला. म्हणाला, पुढच्या गुरुवारी डबा आणतो, वर्षा म्हणत होती वांगी चांगली आली आहेत.
गाडी गेल्यावर कितीतरी वेळ बशी धुतली नाही.

९ ऑगस्ट
शबानाचा फोन. राखीला पेढे वाटले शेजारी, वगैरे. शेवटी, अब्बा, हुआ क्या वो?
म्हटलं, चालू है.
ठीक है म्हणून तिनं फोन ठेवला. ती हुशार आहे. मोबाइलवर एका मिनिटाचं काम आहे, तिनं ते कधीच केलं असेल. हे मला आज पहिल्यांदा सुचलं.

१० ऑगस्ट, रवि.
आज वही ४१ नव्या वहीत उतरवणं पुन्हा सुरू केलं. पान ६२ पर्यंत जुलैतच झालं होतं. मग ६३.
भाजक लिहिला, २०,७१,७२३. भागाकार लिहिला, ५३६३२२२३५७. भागाकार दोन्हीकडे तोच आहे, चुकीतही आणि बरोबरमध्येही. बाकीचा रकाना कोरा आहे. पेन टेकवून थांबलो होतो, एक ठिपका पडला.
खालच्या ओळी उतरवून घेतल्या. पान संपलं. तो रकाना तेवढा तसाच आहे.
आजचा माझा भाजक २३,१६,७६१. करायला बसतो.